लेझरची झळाळी आणि हवेचा हिशेब

लेझरने धातू चकचकीत करण्याच्या तंत्राची बातमी आली की मथळा ठरलेला असतो: ना घासकाम, ना रसायने, ना धूळ. हे अर्धसत्य आहे. उरलेले अर्धे सत्य धातूभोवतीच्या वायूत असते आणि बातमीत नेमका त्याचाच उल्लेख नसतो.

लेझर पृष्ठभाग घासत नाही, वितळवतो. काही मायक्रॉनपासून शे-दोनशे मायक्रॉनपर्यंतचा थर क्षणभर द्रव होतो, पृष्ठताण उंचवटे ओढून सपाट करतो आणि थर पुन्हा गोठतो. वितळलेल्या लोखंडाचा पृष्ठताण पाण्याच्या वीसपटींहून अधिक असल्याने हे काम झटकन उरकते. मात्र तेवढ्या वेळात तप्त द्रव भोवतालच्या हवेशी संयोगही पावतो. टायटॅनियम नायट्रोजन घेऊन सोनेरी, कठीण नायट्राइड बनवते. ऑक्सिजन शोषला की त्याचा पृष्ठभाग ठिसूळ होतो, प्रसंगी तडकतो. पोलादात तर ऑक्सिजनचा अल्प अंशही तापमान आणि पृष्ठताण यांचे नाते उलटवू शकतो. मग मध्यातून कडेला वाहणारा द्रव कडेकडून मध्याकडे वाहू लागतो. लेझर तोच, शक्ती तीच, परिणाम मात्र निराळा.

यावर उपाय म्हणजे आरगॉनचे आवरण. हवेत तो जेमतेम ०.९३ टक्के असतो. हवा द्रवरूप करून तो वेगळा काढावा लागतो. तो फार वेगाने सोडला तर भोवरे निर्माण होऊन बाहेरची हवाच आत ओढली जाते.

आता रायपूरच्या गोल बाजारासारख्या जुन्या बाजारपेठेचा विचार करा. तिथे विकल्या जाणाऱ्या पितळी भांड्यांना हे तंत्र लावायचे, तर अडचण वेगळीच आहे. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते, तांबे १०८५ अंशांना वितळते. म्हणजे पितळ वितळवताना जस्ताची वाफ होणारच. ती हवेत गेली की पांढरा धूर होतो आणि तो श्वासात गेल्यास ताप येतो. आरगॉनमुळे पितळ काळे पडणार नाही, पण जस्ताची वाफ थांबणार नाही. शिवाय आरगॉन हवेपेक्षा जड आणि गंधहीन आहे. कोंदट कारखान्यात साचला तर तो प्राणवायूची जागा घेतो आणि कारागिराला त्याचा सुगावाही लागत नाही. बफिंगची धूळ घालवायची आणि गुदमरण्याचा धोका आणायचा, याला प्रगती कसे म्हणावे?

माझा विरोध तंत्राला नाही. शरीरात बसवायच्या टायटॅनियमच्या भागांसाठी ते मोलाचे ठरू शकते. आक्षेप आहे तो वायूचा हिशेब न मांडता केलेल्या जाहिरातीला. विद्यार्थी मित्रांनो, प्रकल्प अहवालात लेझरची शक्ती जितक्या काळजीने लिहिता, तितक्याच काळजीने वायू कोणता, त्याची शुद्धता किती, प्रवाह किती आणि कक्षात उरलेला ऑक्सिजन किती, हेही लिहा. रायपूरची एनआयटी १९५६ साली खाणकाम व धातुशास्त्राचे महाविद्यालय म्हणून सुरू झाली. पितळेचा हा प्रश्न तिथल्या प्रयोगशाळेने हाती घेण्याजोगा आहे. त्याचे उत्तर मिळेपर्यंत ‘धूरविरहित’ हा शब्द जपून वापरलेला बरा.