सैनिकाच्या नोंदीतील उणीव

ज्या ओझरचे नाव १९६४ साली स्थापन झालेल्या मिग विमानांच्या कारखान्यामुळे देशभर झाले आणि जेथे वायुदलाचा दुरुस्ती डेपोही आहे, त्या गावाने तरी सैनिकाच्या कागदातील चूक क्षुल्लक मानू नये. १९७१ च्या युद्धातील सेवेबद्दल संग्राम पदक, आणि रणक्षेत्रानुसार पूर्वी स्टार वा पश्चिमी स्टार, देण्याची तजवीज सरकारने केली. परंतु युद्धाच्या धामधुमीतील बदली, रुग्णालयातील वास्तव्य किंवा एखाद्या कारकुनाची नजरचूक यांमुळे ज्याच्या सेवापत्रकात या सेवेची नोंद राहून गेली, त्याची सेवा दप्तराच्या दृष्टीने जणू घडलीच नाही, असा दारुण अन्याय होतो. अशा पदकाने निवृत्तिवेतनात भर पडत नाही हे खरे. तथापि त्याच्या कडेवर कोरलेले क्रमांक व नाव ही राष्ट्राने दिलेली सनदच होय.

त्या वेळी अठरा वर्षांचा असलेला जवान आज सत्तरी ओलांडून गेला आहे, आणि त्याने या वयात पुराव्यांसाठी वणवण करावी, हे न्यायाला धरून नाही. पलटणीच्या जुन्या हुकमांशी नोंदी ताडून पाहणे हे अभिलेख कार्यालयांचे कर्तव्य आहे. तोफखान्याचे असे कार्यालय तर नाशिक रोडलाच आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने ओझरसारख्या गावी येऊन अर्ज लिहून घ्यावेत, उत्तराची मुदत ठरवावी, आणि जो हयात नाही त्याच्या पत्नीच्या हाती ते पदक सन्मानपूर्वक द्यावे. कारण ऋणकोने धनकोकडे पुरावा मागत बसणे कृतज्ञ राष्ट्राला शोभत नाही.