मिरगाआधी जुन्या गाडीचं ऑइल बदला

मीटर बघू नका, पंचांग बघा. मालवण, देवगड, वेंगुर्ला, कुडाळ या पट्ट्यात कुणाच्या पडवीत, कुणाच्या मांगरात जुनी फियाट, ॲम्बेसेडर नाहीतर जीप उभी आहे, त्या सगळ्या गाववाल्यांनू, पहिलं सांगणं हेच. मिरग लागायच्या आत ऑइल बदला.

‘गाडी वर्षात पाचशे किलोमीटरसुद्धा फिरली नाही, मग ऑइल कशाला?’ फिरली नाही, म्हणूनच. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ आणि आम्लं तयार होतात आणि त्यातला थोडा भाग पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतो. गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालली तर ऑइल तापून पाणी उडून जातं. पण आपल्याकडे चतुर्थीला आलेला चाकरमानी चावी फिरवतो, पाच मिनिटं इंजिन धडधडत ठेवतो आणि ‘चालू असा’ म्हणून समाधानाने बंद करतो. या पाच मिनिटांनी पाणी वाढतं, उडत मात्र नाही. वर चार महिने पावसाचा दमट वारा. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा. दुधाळ कॉफीसारखा चिकटा दिसला, तर ऑइलमध्ये पाणी आहे. रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, तर मात्र हेड गॅस्केट तपासून घ्या. असं आंबट ऑइल पावसाळाभर इंजिनाखालच्या चेंबरमध्ये राहिलं की बेअरिंगच्या धातूला खातं.

आता खरी अडचण. ऑइल बदलायचं ठरतं, आणि चेंबरचा नट हलत नाही. इथेच बहुतेक गाड्यांची वाट लागते. खाऱ्या हवेने गंजलेला नट, त्यात आधीच्या कुणीतरी पाइप लावून आवळलेला. आधी पाना नीट निवडा. ॲम्बेसेडर आणि जुन्या जीपचे नट इंची मापाचे, फियाटचे मिलिमीटरचे. इंची नटाला मिलिमीटरचा ‘जवळपास बसणारा’ पाना लावला की त्याचे कोपरे गोल झालेच म्हणून समजा. उघड्या तोंडाचा पाना नको, रिंग पाना किंवा सॉकेट घ्या. ब्रशने माती-गंज काढा, गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री मारा, सकाळी पुन्हा मारा. गाडी थोडी फिरवून इंजिन कोमट करा. तरी हलला नाही तर हातोडीने हलके टोले द्या. गॅसची ज्योत लावायला कुणी पुढे आला, तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. वर पेट्रोलची नळी आहे.

आटे गेलेले असले तर टेफ्लॉन टेप आणि एम-सील हे उपाय नव्हेत. रस्त्यात नट पडला तर दोन मिनिटांत इंजिन जाम होईल. चेंबर उतरवून लेथवाल्याकडे न्या आणि पुढच्या मापाचे आटे पाडून घ्या. चेंबर उतरलाच आहे, तर आतला गाळ आणि ऑइल ओढणारी जाळीही धुऊन घ्या. अनेक वर्षं उभ्या असलेल्या गाडीला तर हे करावंच. तिच्यात फ्लशिंगचं औषध ओतू नका. सुटलेला गाळ जाळीत बसतो आणि ऑइल वर चढत नाही.

गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलला एक नियम लक्षात ठेवा. ऑइल काढायचा नट उघडण्याआधी, भरायचा नट उघडतो का ते बघा. तो जाम असेल आणि खालचा तुम्ही आधी मोकळा केला, तर रिकामी गाडी अंगणात अडकली.

ॲम्बेसेडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाचा फिल्टर वाटीत बसतो आणि वाटीला रबरी रिंग असते. जुनी रिंग खाचेत चिकटून राहते, तिच्यावरच नवी बसवतात आणि मग ‘गाडी गळते’ म्हणून ओरडतात. खाच नखाने चाचपून बघा. नटाचा तांब्याचा वायसर दर वेळी नवा.

याच इंजिनाच्या क्रँकशाफ्टला मागे रबरी सील नसतं. शाफ्टवर कोरलेले उलटे आटे फिरताना ऑइल आत ढकलतात. त्यामुळे उभ्या गाडीखाली दोनचार थेंब पडले तर घाबरू नका. मात्र दुकानदाराच्या आग्रहाने महागडं, पातळ सिंथेटिक ऑइल भरलंत तर थेंबांची धार होईल. या इंजिनांना साधं मिनरल ऑइल, २०-डब्ल्यू-४० किंवा २०-डब्ल्यू-५०, चांगलं. खिशाला खड्डा पडेल इतकं महाग म्हणजे उत्तम, ही समजूत सोडा. भरताना काडीवरच्या वरच्या खुणेपुढे जाऊ नका. मग कॉइलची मुख्य वायर काढून स्टार्टर थोडा थोडा फिरवा, ऑइलचा दिवा विझू द्या, आणि मगच गाडी चालू करा.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. गाडी जांभ्याच्या चिऱ्यांवर चढवून खाली शिरू नका. चिरा वजनाखाली अचानक फुटतो आणि सुटायला वेळ मिळत नाही. पुळणीत तर जॅकच रुततो. पक्की जमीन आणि लोखंडी स्टँड, नाहीतर गॅरेजचा खड्डा.

इतका खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. कारण अशा गाड्या आता संपत चालल्यात. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी, म्हणजे आपल्या फियाट, टॅक्सीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मुदत संपून ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. पद्मिनी हे नाव फियाटला मिळालं १९७४ साली, म्हणजे त्या पहिल्या गाड्या आता पन्नाशी ओलांडताहेत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूप राखलेल्या गाडीला विंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येतं. मूळ इंजिन जिवंत असेल तर त्या नोंदणीला अर्थ.

राहिलं ते काळं ऑइल. वाशांना, दारांना वाळवीसाठी ते फासायची आपली जुनी सवय आहे. ती सोडा. जळक्या ऑइलमध्ये कर्करोग करणारी द्रव्यं असतात. लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल आहेच. आणि परसात तर एक थेंबही ओतू नका. जांभा सच्छिद्र आहे, ओतलेलं झिरपत विहिरीत येतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, त्यात पेट्रोल-केरोसीन मिसळू नका, आणि जुनं ऑइल विकणाऱ्या गॅरेजवाल्याला द्या. देताना एवढं विचारा, ‘हे पुढे कुठे जातं?’ अधिकृत रीसायकल करणाऱ्याकडे जात नसेल, तर दुसरं गॅरेज शोधा.