कोंडा गुरांना, पांढरा भात माणसांना

या आठवड्यात गोंदियाच्या बाजारात एका दुकानात ‘ब्राऊन राईस’ची पाकिटं पाहिली आणि संताप आला. माल दूरच्या शहरातून आलेला, भाव चांगल्या एचएमटी तांदळाच्या दुपटीहून जास्त. धानाच्या ट्रकांच्या रांगा मिलच्या दारात लागतात त्या गावात कोंड्यासकट तांदूळ परगावाहून विकत आणायचा?

तरोट्यावर आणि लाखोळीवर इथे लिहिलं तेव्हा ‘मग भाताचं काय?’ असं बऱ्याच वाचकांनी विचारलं होतं. आज भाताचंच.

मिलमध्ये उभं राहून पाहा. एक क्विंटल धानाच्या सरकारी भरडाईत अरवा, म्हणजे न वाफवता भरडलेला, तांदूळ ६७ किलो जमा करावा लागतो. वीसेक किलो तूस निघतं, ते जाऊ द्या, ते कोणी खात नाही. पण पॉलिशरखालून जो बारीक, तेलकट कोंडा पडतो, त्याचं पोतं वेगळं भरतं आणि तेलाच्या कारखान्याला किंवा गुरांच्या खाद्याला जातं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७चे तक्ते उघडा. १०० ग्रॅम बिनपॉलिश तांदळात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, ०.२७ मिलिग्रॅम, पॉलिश केलेल्यात ०.०५. चोथा ४.४ ग्रॅमवरून २.८वर येतो.

आता दुसरं पोतं पाहा, रेशनचं. २०२४पासून काही काळ रेशनच्या तांदळात दर शंभर दाण्यांमागे एक दाणा कारखान्यात बनवलेला असायचा. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून तो घडवत. कितीतरी बायाबापड्यांनी तो प्लास्टिकचा समजून सुपात वेचून टाकला. ही योजना डिसेंबर २०२८पर्यंत चालवायला केंद्रानं १७,०८२ कोटी रुपये मंजूर केले होते. बी-१२ कोंड्यात नसतं आणि कोंड्यातलं लोह शरीराला सहज मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. रक्तक्षयाशी लढायला तो दाणा हवा तर जरूर असू द्या. पण एका यंत्रानं पोषण काढायचं आणि दुसऱ्या यंत्रानं थोडं परत घालायचं, आणि मधल्या कोंड्याबद्दल कुणी बोलायचंच नाही, हे मला पटत नाही.

हा धडा जगानं सव्वाशे वर्षांपूर्वी घेतला आहे. डच डॉक्टर आइकमान जाव्हात बेरीबेरीचं कारण शोधत होते. पॉलिशच्या तांदळाचा भात खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडले. बिनपॉलिश तांदूळ देताच त्या बऱ्या झाल्या. १९२९ साली त्यांना नोबेल मिळालं.

आपल्याकडे मधली वाटही आहे. उसन्या तांदळासाठी धान भिजवून, वाफवून मग भरडतात. वाफेबरोबर कोंड्यातली बी जीवनसत्त्वं दाण्यात उतरतात, म्हणून पॉलिश केल्यावरही बरीच टिकतात. आपल्या मिल तो बनवतात. कोकणात अशाच तांदळाची, उकड्याची, पेज रोजची. आपण मात्र पाहुण्यांपुढे उसन्याचा भात वाढायला लाजतो.

आमच्या घरी बिनपॉलिश तांदळाचा भात सुरू झाला तेव्हा पहिले काही दिवस कुरकुर झाली. चावावं लागतं, शिजायला वेळ लागतो. मग पोट साफ होऊ लागलं, चार वाजता फरसाणाच्या डब्याकडे जाणारे हात थांबले. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१०मध्ये मांडलेला अंदाज असा: रोजच्या पांढऱ्या भातातला ५० ग्रॅम वाटा ब्राऊन राईसनं भरला, तर मधुमेहाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी कमी दिसतो. माझं तर ठाम मत आहे की आपल्या दुपारच्या सुस्तीचा दोष उगाच उन्हाला देतात, तो ताटातल्या पांढऱ्या ढिगाचा आहे. त्यावर गोंदियात कुणीतरी अभ्यास करावा. आणि भात कितीही चांगला असला तरी ढीग कमीच हवा, शेजारी वरण, तरोट्याची भाजी, बोडीतले मासे हवेत.

मिलवाले सांगतात, कोंड्यातल्या तेलामुळे असा तांदूळ लवकर खवट होतो. खरं आहे. पण ही अडचण वर्षभराचा साठा एकदम भरणाऱ्यांची. ज्यांच्या कणगीत स्वतःचं धान आहे त्यांनी महिन्यापुरतं हलरवर न्यावं आणि पॉलिश नको म्हणून सांगावं. देवरी-सालेकसाच्या आश्रमशाळांत तर मुलं दोन्ही वेळ भात जेवतात. आयसीएमआरच्या २०२४च्या आहारसूचना निम्मं धान्य अख्खं असावं असं सांगतात. त्या मुलांच्या ताटात उसना किंवा कमी पॉलिशचा तांदूळ याच हंगामापासून यावा, ही माझी प्रशासनाकडे मागणी आहे.