दहा बाय दहाची खोली

मन्सूर, राजगुरू, गंगूबाईंच्या या जुळ्या शहरांत रेकॉर्डिंग म्हणजे आकाशवाणीचा धारवाडचा स्टुडिओ, हे १९५० पासूनचे समीकरण. आता सप्तापुरातल्या मागच्या खोलीतही ते जमते. मात्र मंडळी, माईकवर पैसे ओतण्याआधी खोली मोजा.

लांबी, रुंदी, उंची तिन्ही दहा फूट असेल तर ती खोली सोडा. तिथे ५६, ११३, १६९ हर्ट्झच्या आसपासचे नाद तिन्ही दिशांनी एकदम फुगतात. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज १३९ हर्ट्झचा; म्हणजे खालचा धैवत आणि मधला गंधार उगाच गरजणार. गायकाचा दोष नाही, भिंतींचा आहे! लांबट खोली बरी. कोपऱ्यांत चार इंची रॉकवूल कापडात शिवून उभे करा, खाली नवलगुंदचा जमखाना अंथरा. अंड्यांचे ट्रे कृपा करून नकोत. ते ना खर्ज शोषतात, ना बाहेरची रिक्षा थांबवतात. रिक्षा थांबते जड दाराने आणि बुजवलेल्या फटींनी. सगळ्या भिंती मढवल्यात तर तानपुऱ्याची जवारीच निस्तेज होईल.

आणि घरात जात्यावरच्या ओव्या किंवा बीसुकल्लाची पदे म्हणणारी अज्जी असेल, तर या कशाचीच वाट पाहू नका. पंखा बंद करून तिला कपड्यांच्या उघड्या कपाटाजवळ बसवा, फोन वीतभर अंतरावर धरा. आधी तिचे नाव, गाव, तारीख तिच्याच तोंडून घ्या. एक प्रत बेळगावच्या नातवंडांकडेही राहू द्या.