‘झुरळं’ म्हणण्यापासून सुरुवात होते

आठवी-नववीच्या मुलांना नरसंहाराबद्दल शिकवावं का, असं विचारलं की घरातलं उत्तर ठरलेलं असतं : ‘एवढ्यात कशाला? लहान आहेत अजून.’ पण याच मुलांच्या हातात मोबाइल आहे. गेमच्या चॅटमध्ये, रील्सखालच्या कमेंटमध्ये अख्ख्या समाजाला ‘किडे’, ‘घाण’ म्हटलेलं ती वाचतात, हसतात आणि पुढे पाठवतात. द्वेष त्यांच्यापर्यंत पोचताना कुणी वय विचारत नाही. मग त्या द्वेषाचा शेवट कुठे होतो, हे सांगतानाच वय आडवं का यावं?

एनसीईआरटीच्या नववीच्या इतिहासात नाझीवादावरचा धडा वर्षानुवर्षं शिकवला गेला. चांगला धडा आहे. पण वर्गात त्याचं काय होतं, आपल्याला माहीत आहे. सन पाठ करा, कारणं लिहा, पाच मार्क घ्या. डोक्यात उरतं ते एवढंच, की हिटलर नावाचा एक वेडा माणूस होता, त्याने हे केलं आणि विषय संपला.

म्हणूनच जर्मनीच्या जोडीला रवांडा शिकवायला हवा. तिथे ७ एप्रिल १९९४ पासून साधारण शंभर दिवसांत सुमारे ८ लाख माणसं मारली गेली. बहुतेक तुत्सी, आणि हत्याकांडाला विरोध करणारे हुतूही. मारणाऱ्यांत सैनिक आणि टोळ्या होत्या, तसेच शेजारीही होते. दोन्ही समाजांची भाषा एक, गावं एक, चर्चही एकच. १९३०च्या दशकात बेल्जियमच्या राजवटीने ओळखपत्रावर ‘हुतू’ की ‘तुत्सी’ हे छापायला सुरुवात केली. पुढे शाळांमध्ये शिक्षक मुलांना जमातीनुसार उभं करायचे. १९९४मध्ये रस्त्यारस्त्यावरच्या नाक्यांवर तेच ओळखपत्र बघून कुणाला मारायचं, ते ठरलं.

आम्हा पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना यातला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग आहे आरटीएलएम हे रेडिओ स्टेशन. १९९३मध्ये ते सुरू झालं. झकास गाणी, गप्पा, जोक. तरुणांना आवडेल असं सगळं. त्या गप्पांमधूनच तुत्सींना ‘झुरळं’ म्हटलं जाऊ लागलं. हत्याकांड सुरू झाल्यावर याच स्टेशनवरून कोण कुठे लपलंय, तेही सांगितलं गेलं. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३मध्ये या प्रचारासाठी माध्यमांतल्या तिघांना दोषी ठरवलं. त्यांचं हत्यार होतं माइक आणि छापील कागद.

तेरा वर्षांच्या मुलाला समजेल अशीच ही गोष्ट आहे. त्यासाठी प्रेतांचे फोटो दाखवायची गरज नाही. त्याने मूल एकतर घाबरतं, नाहीतर निर्ढावतं. त्याला पायऱ्या दाखवा. आधी ‘आपण’ आणि ‘ते’, मग टोपणनाव, मग माणसाला किडा म्हणणं, मग ‘यांच्यामुळेच आपलं वाटोळं झालं’. अभ्यासक ग्रेगरी स्टँटन यांनी अशा दहा पायऱ्या मांडल्या आहेत. त्यातली शेवटची आहे नकार : असं काही झालंच नाही, असं म्हणणं.

एक धोका मात्र आहे. ‘त्या लोकांनी असं केलं’ अशा सुरात शिकवलं, तर नवा द्वेष पेरला जाईल. म्हणून मुलांना प्रश्न असा विचारावा : तू त्या वर्गात असतास, तर काय केलं असतंस?

या प्रश्नाचं एक उत्तर रवांडातल्याच मुलांनी दिलंय. मार्च १९९७मध्ये न्यांगे गावातल्या माध्यमिक शाळेत हल्लेखोर घुसले आणि हुतू-तुत्सींनी वेगळं व्हा म्हणाले. मुलं हलली नाहीत. ‘आम्ही सगळे रवांडाचे,’ असं त्यांचं म्हणणं होतं. काही जणांचा जीव गेला. आज त्या विद्यार्थ्यांना रवांडात राष्ट्रीय वीरांचा मान आहे.

सहिष्णुता या शब्दात ‘सहन करणं’ दडलंय, त्यामुळे तो जरा उपकार केल्यासारखा वाटतो. न्यांगेच्या मुलांनी एकमेकांना सहन नाही केलं, ती एकमेकांच्या बाजूला उभी राहिली. शाळेत शिकवायचं ते हे.

आणि सगळं शाळेवर ढकलून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपल्यातले कितीतरी जण ट्यूशन घेतात, एनएसएसच्या कॅम्पला जातात. घरी धाकटी भावंडं असतात, आणि ती शिक्षकांपेक्षा आपलं जास्त ऐकतात. फॅमिली ग्रुपवर एखाद्या समाजाला प्राणी ठरवणारा जोक आला, की आपण हसण्याची इमोजी टाकतो की ‘हे बरोबर नाही’ असं लिहितो, ते त्यांना दिसत असतं. पुढच्या वेळी तसा जोक आला तर लिहा. वाद होईल, काका रुसतील. होऊ दे.