वृद्धाश्रम सुरू करायला परवाना लागतो का?

बंगला भाड्याने घेतला, दहा खाटा टाकल्या, दोन मावश्या कामाला ठेवल्या. आता दारावर 'वृद्धाश्रम' अशी पाटी लावायला केंद्राच्या कायद्यानुसार कोणता परवाना हवा? वृद्धाश्रमाचा म्हणून कोणताच नाही.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम २००७ चा. गरजू ज्येष्ठांसाठी राज्यांनी प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांची सोय असलेला वृद्धाश्रम उभारावा, असं तो म्हणतो. खासगी वृद्धाश्रमांवर मात्र तो नोंदणीची सक्ती करत नाही. काही राज्यांनी स्वतःच्या नियमांत ती आणली आहे.

मग पाटीवरचा नोंदणी क्रमांक कसला?

महाराष्ट्रात तो अनेकदा धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेल्या ट्रस्टचा असतो. त्यातून संस्था कुणाची, हे कळतं. रात्री आजींजवळ कोण असतं, हे कळत नाही.

मुलांच्या बाबतीत कायदा कडक आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार नोंदणीशिवाय बालगृह चालवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

बदलाचा प्रयत्न झाला का?

झाला. ज्येष्ठांच्या निवासी केंद्रांना नोंदणी आणि किमान दर्जा बंधनकारक करणारं विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. ते मंजूर झालं नाही आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच बारगळलं.

तोवर तपासणीचं काम कुटुंबावरच आहे : रात्रपाळीला कोण, डॉक्टर किती दिवसांनी येतात, आग लागली तर बाहेर पडायची वाट कुठली आणि न कळवता भेटायला आलेलं चालतं का?