गोळीतला डिंक कोणता?

गेल्या आठवड्यात एक आजी चार वर्षांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलाला हृदयाचे दुखणे आहे. मोठ्या माणसाच्या गोळीचा चतकोर रोज द्यायचा, असे त्यांना सांगितलेले. हे औषध पातळ स्वरूपात आमच्या तालुक्यात मिळत नाही. आजी ती गोळी अडकित्त्याने फोडतात! "मोठा तुकडा निघाला की पोरगं दिवसभर मलूल पडतं बघा," त्या म्हणाल्या. निरीक्षण अगदी अचूक होते. यात त्यांचा दोष नाही. 'चतकोर' असे चिठ्ठीवर सहज लिहून मोकळे होणाऱ्या आम्हा डॉक्टरांचा आहे.

अशा मुलांसाठी हव्या त्या मापाची गोळी यंत्रावर 'छापून' देता येते, हे वाचकांना नवल वाटेल. जिलबीवाला पिठाची धार कढईत सोडतो, तशी औषध मिसळलेल्या लगद्याची बारीक धार यंत्र थरावर थर सोडत जाते. धार कमी केली की गोळी लहान आणि मात्राही कमी. भुकटीचे थर द्रवाने चिकटवूनही गोळी छापतात. अशी एक अपस्माराची गोळी अमेरिकेत 2015 मध्ये मंजूर झाली. घोटभर पाण्यात ती काही सेकंदांत विरघळते. स्पेनमधील सांतियागो शहरातील रुग्णालयात एका दुर्मिळ आनुवंशिक आजाराच्या चार मुलांना अशा चघळायच्या गोळ्या छापून दिल्या. त्याचा अहवाल 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. औषधाबरोबर त्यांत होते काय? साखर, स्टार्चपासून केलेले माल्टोडेक्स्ट्रिन आणि पेक्टिन. पेरूची जेली ज्यामुळे घट्ट होते, तेच हे पेक्टिन.

प्लास्टिकसारखे पदार्थ वितळवून छापायचे तर बरीच उष्णता लागते आणि काही औषधे तीत खराब होतात. स्टार्च, पेक्टिन, जिलेटिन, समुद्रशेवाळातले अल्जिनेट यांचा लगदा थोड्या उष्णतेवरही छापता येतो. गवारीच्या बियांचा डिंक तर मुख्यतः आपल्या राजस्थानातून जगभर जातो. कच्च्या मालाची आपल्याकडे वाण नाही.

पण 'नैसर्गिक' हा शब्द ऐकला की आपण लगेच माना डोलावतो, तिथे माझा आक्षेप आहे. नव्या तांदळाला पाणी कमी लागते, जुन्याला जास्त, हे कोणत्याही गृहिणीला ठाऊक असते. डिंकाचेही तसेच आहे. एका हंगामाचा डिंक दुसऱ्या हंगामाइतका घट्ट असेलच असे नाही. लगदा घट्ट झाला तर नळी तुंबते, पातळ झाला तर थर पसरतो आणि मात्रा पुन्हा कमी-जास्त. म्हणजे लाखो रुपयांचे यंत्र आणून शेवटी आजींचा अडकित्ताच! शिवाय असे पदार्थ जंतूंना आणि बुरशीलाही आवडतात. आपल्याकडच्या पावसाळी हवेत तर विचारूच नका.

आणखी एक गोष्ट. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनते आणि कायटोसान बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून. शाकाहारी कुटुंबाला, किंवा कोळंबी सोसत नाही अशा रुग्णाला, गोळीत काय आहे ते समजलेच पाहिजे. ते पाकिटावर मराठीत छापलेले असावे.

निरुपद्रवी वाटणाऱ्या पदार्थाची तपासणी न झाल्यास काय होते, हे महाराष्ट्राने 1986 मध्ये पाहिले आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले 14 रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेले होते. पुढे न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने चौकशी केली. ग्लिसरीन तरी काय, गोडसर, साधे, घराघरांतले. म्हणून छापील गोळ्या आपल्या जिल्हा रुग्णालयात अवश्य याव्यात, पण डिंकाची प्रत्येक खेप तपासणारी प्रयोगशाळा आधी यावी, असे माझे मत आहे. यंत्राच्या उद्घाटनाला पुढारी मिळतील, प्रयोगशाळेच्या फितीला कोण येणार?

तूर्त आजींच्या नातवासाठी जिल्ह्याच्या गावच्या एका अनुभवी फार्मासिस्टला मी चिठ्ठी दिली. ते गोळ्या खलून, तराजूवर तोलून एकेका दिवसाच्या पुड्या बांधून देतात. वाचकांनी मात्र कोणतीही गोळी आपल्या मनाने फोडू नये. काही गोळ्या पोटात सावकाश विरघळाव्यात अशाच बनवलेल्या असतात, त्या फोडल्या की दिवसभराची मात्रा एकदम अंगात जाते. आजी काल पुन्हा येऊन गेल्या. पोरगा बाकावर उड्या मारत होता आणि अडकित्ता पुन्हा सुपारीच्या कामाला लागला आहे.